विद्येचे पान आणि बाटलीतले तेल



शाळेत असताना आपल्यापैकी बहुतेकांनी एक उद्योग केलेला आहे. शाळेच्या फाटकाजवळच्या मोरपंखीची चपटी, नक्षीदार डहाळी हळूच तोडायची आणि पुस्तकात दडवून ठेवायची. तिला म्हणायचे 'विद्या'. ती पुस्तकात असली की धडा आपोआप पाठ होतो, अशी तेव्हा आमची पक्की समजूत. चौथीपासून सातवीपर्यंत आमच्या गणिताच्या पुस्तकात ती विद्या वाळून करकरीत झाली होती. पण गणितात आम्ही सुटलो, ते वडील पाळीवरून दमून आल्यावरही समोर बसवून पाढे म्हणवून घेत म्हणून. पानाने काही केले नाही.

आज चाळिशी उलटल्यावर त्या पानाची आठवण निघाली, त्याला तसेच कारण घडले. ते सांगताना आम्हाला आमचीच चूक कबूल करावी लागणार आहे. या सदरातून आम्ही दर आठवड्याला वाचकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. तेव्हा कधी स्वतःच्या अडाणीपणाचीही एखादी सांगितली पाहिजे.

घडले ते असे. मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या वस्तीत एक गृहस्थ आले. अंगात पांढरा कोट, खांद्याला बॅग, बोलणे गोड. बॅगेत बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्या. 'हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांच्या पानांचे शुद्ध तेल. सर्दी, खोकला, दमा, सांधेदुखी, साखर, सगळ्यावर चालते. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यातून पाच थेंब घ्या, रात्री छातीला चोळा.' किंमत साडेसातशे रुपये. कुणी शंका काढली की ते बॅगेतून एक झेरॉक्स काढून हातात देत.

आमच्या गल्लीत एक ताई राहतात. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवतात. धाकटा नऊ वर्षांचा. त्याला दमा आहे. पालिकेच्या दवाखान्यातून त्याला रोज ओढायचा पंप मिळालेला होता आणि गेले वर्षभर पोराचे बरे चालले होते. पण 'पंप एकदा लागला की जन्माचा लागतो' असे कुणीतरी ताईंच्या मनात भरवून दिलेले. ताई ती झेरॉक्स घेऊन आमच्या दारात आल्या.

"भाऊ, तुम्ही शिकलेले. एवढं वाचून सांगा, खरं हाय का?"

आम्ही चष्मा लावून वाचले. इंग्रजी लेख, परदेशी शास्त्रीय नियतकालिकातला. तक्ते होते, जंतूंची तिरप्या अक्षरांत छापलेली लांबलचक नावे होती. शेवटी निष्कर्ष असा, की सूचिपर्णी झाडांच्या पानांच्या तेलात जंतू आणि बुरशी मारण्याची क्रियाशीलता दिसून आली. आम्ही पडलो बी.कॉम. जमाखर्च कळतो, रसायन कळत नाही. पण 'कळत नाही' हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. आम्ही म्हणालो, "कागद तर खरा दिसतो, ताई. झाडपाल्याचंच आहे, अपाय काही व्हायचा नाही."

ताईंनी भिशीच्या पैशातून बाटली घेतली आणि पंप ट्रंकेत टाकला.

पाचव्या रात्री दोन वाजता आमचे दार वाजले. पोरगा पुढे वाकून बसलेला, खांदे वर-खाली होताहेत, श्वासागणिक शिटी वाजते आहे, तोंडातून धड एक वाक्य निघत नाही. रिक्षा करून दवाखान्यात नेले. तिथे मुखवटा लावून औषधाची वाफ दिली, तेव्हा पहाटे त्याचा श्वास खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पंप कधी बंद केला? कुणी सांगितलं बंद करायला?" ताईंनी आमचे नाव घेतले नाही. आम्हीच पुढे होऊन सांगितले.

छापलेले आहे म्हणून मानू नका, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण आम्ही विहारात किती वेळा सांगितली असेल! आणि पारखायची वेळ आली तेव्हा आम्ही झेरॉक्सला भुललो. मग ठरवले, की त्या कागदात आहे तरी काय ते नीट समजून घ्यायचे आणि वाचकांपुढे मांडायचे.

*कागद खोटा नाही*

आमची पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिने दोन संध्याकाळी बसून तो लेख वाचला आणि पुढच्या रविवारी विहारात आम्हा दहा-बारा जणांना समजावून सांगितला. ताईही मुलाला घेऊन आल्या होत्या. ती पहिल्यांदा म्हणाली, "काका, कागद खोटा नाही. पण कागदात जे लिहिलंय ते विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि त्यानं जे सांगितलं ते कागदात नाही."

आधी झाडे कोणती ते समजून घेऊ. सूचिपर्णी म्हणजे सुईसारखी किंवा खवल्यांसारखी पाने असलेली, फुलाफळांऐवजी शंकू धरणारी झाडे. चीड, देवदार, फर, स्प्रूस, ज्युनिपर ही त्यातली. आपल्या देशात त्यांचे मोठे घर म्हणजे हिमालय. कोकणच्या किनाऱ्यावर जी सुरूची बने आहेत ती दिसायला चिडासारखी, पण ती या कुळातली नव्हेत. सुरू हे फुले येणारे झाड आहे, आणि ज्याला आपण त्याची सुई म्हणतो ती खरे तर बारीक हिरवी फांदी असते. याउलट आपली मोरपंखी, जिची आपण 'विद्या' करायचो, ती मात्र याच कुळातली. तिचे मूळ घर चीन-कोरियाकडे. पुढच्या वेळी तिची डहाळी बोटांत चुरडून वास घेऊन पाहा. तो उग्र, ताजा वास येतो ना, तेच ते तेल.

हे तेल शेंगदाण्याच्या तेलासारखे घाण्यात निघत नाही. पाने मोठ्या भांड्यात भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर पानांतली उडून जाणारी सुगंधी द्रव्ये वर येतात. ती वाफ थंड नळीतून नेली की पाणी होते आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो. आपण भाताच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमलेले पाहतो, तेच तत्त्व. शंभर किलो पानांतून झाडाप्रमाणे शे-दोनशे ग्रॅमपासून किलोभरापर्यंत तेल मिळते. म्हणजे बाटलीतल्या चमचाभर तेलात पानांचे मोठे गाठोडे आटवलेले असते. 'झाडपाल्याचेच आहे' असे जे आम्ही म्हणालो, तिथेच आमची पहिली चूक झाली. पान आणि पानाचे तेल ही एक वस्तू नव्हे.

आणि पानातले सगळेच तेलात उतरते असेही नाही. याची एक जुनी हकीकत पुतणीने सांगितली. १५३५-३६ च्या हिवाळ्यात जाक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या कॅनडातल्या क्वेबेकजवळ बर्फात अडकला. त्याच्या माणसांच्या हिरड्या सडू लागल्या, पाय सुजले. एकशेदहा माणसांपैकी पंचवीस दगावली. तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना एका सदाहरित झाडाची पाने आणि साल उकळून तो काढा प्यायला शिकवले, आणि माणसे उठून बसली. ते झाड नेमके कोणते यावर अजून वाद आहे. पण आपल्या मोरपंखीच्या अमेरिकन बहिणीचे नाव त्यात नेहमी घेतले जाते. तो रोग होता क जीवनसत्त्वाच्या अभावाचा. क जीवनसत्त्व काढ्यात उतरते, वाफेबरोबर उडून तेलात येत नाही. त्या माणसांना त्याच पानांचे तेल पाजले असते तर एकही वाचला नसता. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की ज्या लोकांनी जीव वाचवला त्यांच्याच म्होरक्याला, दोनाकोनाला, कार्तिएने त्याच वर्षी जबरदस्तीने फ्रान्सला नेले. तो पुन्हा आपल्या गावी परतला नाही, तिकडेच मेला. उपकाराची अशी फेड आपल्या लोकांना नवी नाही.

*काचेच्या ताटलीतली लढाई*

आता त्या तेलात असते काय? मुख्यतः पायनीन, लिमोनीन, कॅम्फीन, कॅरीन, बॉर्निल ॲसिटेट अशा नावांची द्रव्ये. यातले लिमोनीन संत्र्याच्या सालीतही असते. पायनीनच्या एका रेणूत कार्बनचे दहा आणि हायड्रोजनचे सोळा अणू. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते ही द्रव्ये बनवून कीड आणि बुरशी दूर ठेवते. पण शत्रूही काही कच्चा नसतो. साल पोखरणारे काही भुंगे हेच पायनीन पोटात घेऊन त्याचे दुसरे द्रव्य करतात आणि त्याच्या वासाने आपल्या भाईबंदांना त्या झाडावर बोलावून घेतात. म्हणजे ज्या द्रव्याने एकाला हाकलायचे, त्याचेच दुसरा आमंत्रण करतो.

प्रयोगशाळेत तपासणी कशी होते, तेही तिने सांगितले. काचेच्या चपट्या ताटलीत जंतूंना खायला घालून त्यांचा थर वाढवतात. मधोमध तेलात बुडवलेली कागदाची छोटी टिकली ठेवतात. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, तर तेल क्रियाशील. तेलातली द्रव्ये जंतूंच्या अंगावरच्या स्निग्ध पापुद्र्यात घुसतात आणि तो गळका करतात, म्हणून जंतू मरतात. १८८४ साली डेन्मार्कच्या हान्स ग्राम यांनी जंतू रंगवून त्यांचे दोन गट पाडण्याची रीत काढली. त्यातल्या ज्या गटाला बाहेरून आणखी एक आवरण असते, त्या गटावर अशा तेलांचा जोर सहसा कमी पडतो.

एवढ्यावरही भागत नाही. एकाच जातीच्या झाडाचे तेल डोंगराच्या उंचीप्रमाणे, ऋतूप्रमाणे, पानाच्या वयाप्रमाणे बदलते. पायनीनचीही डावा हात-उजवा हात अशी दोन रूपे आहेत. २०१२ साली ब्राझीलच्या संशोधकांनी दोन्ही रूपे वेगवेगळी तपासली, तेव्हा एका रूपाने जंतू आणि बुरशी मारली, दुसऱ्याने त्याच जंतूंना काहीही केले नाही. आता बाटलीवर नुसते 'शुद्ध पाइन तेल' लिहिले तर आत कोणता हात आहे, हे घेणाऱ्याने कसे ओळखावे?

*आमच्या जमाखर्चाच्या वहीत*

इथे आम्हाला जरा धीर आला, कारण पुढचा प्रश्न हिशोबाचा होता. जंतूंची वाढ थांबवायला किती तेल लागते? असल्या तक्त्यांत एका मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅम आणि त्याहून पुढचे आकडे नेहमी दिसतात. आम्ही दोन मिलिग्रॅम धरले आणि पेन्सिल घेतली.

नऊ वर्षांचे पंचवीस किलोचे मूल. त्याच्या अंगात रक्त सुमारे दोन लिटर, म्हणजे दोन हजार मिलिलिटर. गुणिले दोन मिलिग्रॅम, म्हणजे चार हजार मिलिग्रॅम. चार ग्रॅम. ताटलीतला परिणाम नुसत्या रक्तात आणायचा तर जवळजवळ चहाचा एक चमचा निव्वळ तेल एकाच वेळी रक्तात हवे. पण प्यायलेले सगळे काही रक्तात राहत नाही. काही शरीरभर पसरते, काही यकृत मोडून टाकते. म्हणजे प्यायला त्याच्या कितीतरी पट लागेल. आणि या कुळातल्या झाडांच्या डिंकापासून जे टर्पेंटाईन निघते, ज्यात मुख्यतः हेच पायनीन असते, त्याचे पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे, पोटात जाऊन लहान मूल दगावल्याच्या वैद्यकात नोंदी आहेत. जंतूच्या आधी मूल मरेल असा हा हिशोब. याउलट डॉक्टर देतात ती जंतुनाशके पुष्कळदा मिलिलिटरला एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये काम करतात, म्हणजे हजार पटीने कमी मात्रेत. पाच थेंबांनी जंतू मरत नाहीत, आणि ज्याने मरतात तेवढे तेल माणसाला झेपत नाही.

आम्ही वही मिटणार एवढ्यात ताई बोलल्या. इतका वेळ त्या मुकाट ऐकत होत्या.

"पोरी, मला येक सांग. माझ्या पोराचा दमा जंतूंनं झालाय का?"

पुतणी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "नाही मावशी. दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. तो जंतूंचा रोग नाही."

"मंग जंतू मेले काय नि न्हाई मेले काय!"

वाचकहो, आम्ही पदवीधर दोन तास वर्तुळे आणि मिलिग्रॅम मोजत होतो, आणि मुळावरचा प्रश्न विचारला तो अंगठ्यावरून सहीवर आलेल्या माउलीने. कागद जंतूंचा होता, रोग सुजेचा होता. दोघांची गाठच नव्हती. पंपातले औषध ती सूज दाबून ठेवते. ते बंद केले की सूज पुन्हा हळूहळू वाढते, म्हणून पहिले चार दिवस काही वाटले नाही आणि पाचव्या रात्री घात झाला. उलट असल्या तेलाचा उग्र वास काही दमेकऱ्यांचा श्वास आवळायलाच कारण होतो. शिवाय या वासाच्या द्रव्यांचा हवेतल्या ओझोनशी संयोग झाला, की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तेल उकळून धुरी करणे दम्याच्या पोराला बरे नव्हे.

*ताटलीपासून औषधापर्यंत*

मग हे संशोधन निकामी का? मुळीच नाही. तो रस्त्याचा पहिला मैल असतो. विकणारा तोच शेवटचा मैल म्हणून दाखवतो, एवढीच लबाडी.

जपानचे उदाहरण घ्या. तिथल्या सरकारच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे मांडली. पुढे तिथल्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना शहरातल्या हॉटेलात तीन रात्री ठेवले आणि खोलीत हिनोकी या सूचिपर्णी झाडाच्या तेलाची वाफ सोडली. त्यांच्या रक्तातल्या एका प्रकारच्या रक्षक पेशींची ताकद वाढलेली दिसली. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. बातमी चांगली आहे. पण माणसे किती, तर बारा. तीही निरोगी. त्यांचा कुठला रोग बरा झाला असे त्यात नाही, कारण रोग नव्हताच. बारा माणसांवरून कोट्यवधींच्या औषधाचा निकाल लागत नाही.

आता पुरा रस्ता चालून आलेले औषध पाहा. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाची साल १९६२ साली तपासणीसाठी गोळा केली गेली. हे झाडही याच सूचिपर्णी गटातले. मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी त्यातले कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी हे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. मग प्राण्यांवर, मग थोड्या रुग्णांवर, मग पुष्कळ रुग्णांवर चाचण्या होऊन १९९२ साली अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. तेच टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. सालीसाठी झाडे मरत होती, म्हणून शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या पानांतून मिळणारे द्रव्य घेऊन त्यापासून औषध बनवण्याची रीत काढली. पाने तोडली तरी पुन्हा येतात. आज स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी भगिनींना ते सलाईनमधून देतात. ते तेल नव्हे, वेगळेच द्रव्य आहे. आणि त्याच यूचे पान कच्चे खाल्ले तर जीव घेते. ताटलीपासून औषधापर्यंत तीस वर्षे लागली. आमच्या गल्लीतल्या गृहस्थांनी तो प्रवास एका झेरॉक्सवर उरकला.

*घरात लक्षात ठेवावे असे*

हे तेल टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. पांढरे फिनाईल पाण्यात टाकले की दूध होते, त्यात पुष्कळदा पाइन तेल असते. फरशी पुसायला ते चांगले. साबणात, वासाच्या वस्तूत ते चालते. सर्दीच्या मलमांत त्याच्या जातीची द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात. त्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. एवढाच त्याचा गुण आणि तेवढाच मान त्याला द्यावा. पण पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट. पाइन, निलगिरी, कापूर, टर्पेंटाईन यातले कुठलेही तेल पोटात घ्यायचे नाही, पाच थेंबही नाही. मोरपंखीच्या अमेरिकन बहिणीच्या तेलात थुजोन नावाचे द्रव्य असते, त्याने आकडी येते. कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येतात. तान्ह्या मुलाच्या नाकाला कापराची मलमे लावू नयेत.

दुसरी गोष्ट. अशा बाटल्या आणि फिनाईल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मोरीच्या कोपऱ्यात ठेवू नका, उंचावर ठेवा. मुलाने प्यायलेच तर बोटे घालून उलटी काढू नका. उलटीबरोबर तेल फुफ्फुसात उतरते आणि तिथे अधिक नाश करते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट रंगारी बंधूंसाठी. टर्पेंटाईनने हात धुवायची सवय मोडा. दुकानात मिळणारे पुष्कळसे टर्पेंटाईन आता खनिज तेलापासूनचे असते, आणि झाडापासूनचे असले तरी हवा लागून जुने झाले की त्यातल्या कॅरीनपासून अशी द्रव्ये बनतात, की ज्यांनी कातडीला कायमची खाज जडते. युरोपात रंगाऱ्यांचा हा धंद्याचा रोग म्हणूनच ओळखला गेला. आधी चिंधीने पुसा, खायच्या तेलाचा हात फिरवा, मग साबण.

चौथी गोष्ट. दम्याचा, साखरेचा, रक्तदाबाचा कोणताही चालू उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. पंपाची सवय लागत नाही. तो जन्माचा लागला असे वाटते, कारण रोग लांबचा असतो. बरे वाटल्यावर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात.

पाचवी गोष्ट. कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक रोगांवर औषधाची जाहिरात करणे हाच आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा 'साखर घालवतो' म्हणणाऱ्याला पावती मागा, पत्ता मागा, परवाना मागा. आमच्या गृहस्थांकडे त्यानंतर चौकशी करायला गेलो, तर बाटलीवर छापलेल्या पत्त्यावर केशकर्तनालय निघाले.

आणि कुणी शास्त्राचा कागद दाखवला तर चार प्रश्न विचारा. तपासणी ताटलीत झाली की माणसावर? माणसांवर, तर किती? आपल्याला आहे तोच रोग त्यांना होता का? मात्रा किती आणि पोटात की बाहेरून? याला पदवी लागत नाही. ताईंनी त्यातला तिसरा प्रश्न न शिकवता विचारला.

आमच्या हिशोबाचे राहिले. आमच्या शब्दाखातर ताईंचे साडेसातशे रुपये गेले, म्हणून आम्ही ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या काही केल्या घेईनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी सांगितली होती, तिच्याने औषध लहान मुलाच्या घशात न अडता छातीत उतरते. ती नळी त्या पैशांतून आणली, उरलेल्या पैशांच्या वह्या घेतल्या. तपकिरी बाटली पुतणीने कॉलेजात दाखवायला नेली आहे.

परवा तो पोरगा दप्तर घेऊन आमच्याकडे आला. पुस्तकातून मोरपंखीची डहाळी काढून म्हणाला, "आबा, ही विद्या खरी का खोटी?" आम्ही म्हणालो, "चुरडून वास घे." त्याने घेतला. "कशाचा वास हाय हा?" आम्ही पायनीन म्हणून सांगितले आणि त्याने ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. रेणूत अणू किती, तेही विचारले. दहा आणि सोळा.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आमची पुतणी विहारात बसणार आहे. कुणाच्या घरी असा कागद, औषधाची चिठ्ठी किंवा मोबाईलवर आलेला इलाजाचा निरोप असेल, तर घेऊन या. आम्हीही तिथे असू, आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगू.